चार पुरेत

"आडनाव काय म्हणालात तुमचं?"

निरांजन पेटलेलं होतं. औक्षणाचं ताट माझ्या हातात होतं. तेरा वर्षांची मुलगी समोर खुर्चीत, कपाळ पुढे करून बसलेली. खराडीतल्या सोसायटीचं क्लबहाऊस, जांभळे फुगे, तीन मजली केक. सगळी तयारी माझी. आणि मुलीची आजी मला आडनाव विचारत होती.

मी सांगितलं.

आजींनी मान हलवली. जरा हसल्याही. "असू दे. चार पुरेत."

पाच जणींनी ओवाळायचं, हा हट्ट त्यांचाच. पाचवी, मुलीची आत्या, वारज्याहून येताना ट्रॅफिकमध्ये अडकलेली. केकचं क्रीम सुटायला लागलं, तेव्हा मुलीची आई मला म्हणाली होती, "ताई, तुम्हीच या ना पाचव्या. प्लीज." ती आयटीत मॅनेजर. तिला सगळं वेळेत लागतं. मलाही लागतं. पण मी पुढे झाले ती वेळेसाठी नाही. मला त्या पाचांत उभं राहायचं होतं.

खरं सांगते, मी जळायचे. शहरात आयटी आली तशी माझी कामं वाढली. लहानांना जादूगार, मोठ्यांना डीजे, कुणाला काय खाऊन पुरळ येतं, सगळं माझ्या डोक्यात. आणि प्रत्येक पार्टीत जळायचे. या मुलीने तीनदा थीम बदलली. तिन्ही वेळा आई 'बरं' म्हणाली. माझा वाढदिवस एक जून. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लावलेला. वर्गातल्या निम्म्या पोरांचा तोच. आई सांगते, तू झालीस तेव्हा दिवाळी नुकतीच सरली होती. म्हणजे जूनशी माझा काही संबंध नाही. माझ्यासाठी कुणी कधी दिवा लावला नाही, आणि इथे दिवा माझ्याच हातात होता.

"ताट घे गं त्यांच्याकडून," आजी सुनेला म्हणाल्या.

ते ताट माझं. या घरांत ओव्हन असतो, निरांजन नसतं, म्हणून मी घेऊन जाते. फुलवाती मी वळते, तुपात मीच भिजवते. आम्ही बौद्ध. आमच्याकडे वाढदिवसाला बुद्धवंदना होते, औक्षण नाही. लोक मागतात म्हणून ठेवते. आजींना माझं ताट चालत होतं. वाती चालत होत्या. तूप चालत होतं. हात चालत नव्हता.

सून जवळ आली. नजर मोबाइलमध्ये. "ताई, मनावर घेऊ नका. जुनी माणसं आहेत."

"ताट माझं आहे," मी म्हणाले.

"हो, लगेच परत देते ना."

"हात नको असेल, तर ताटही नाही."

आजी उठल्या. "अहो, असं काय करता? पोरीला ओवाळायचं राहिलंय!"

"चार जणी आहेत की."

मी निरांजन शांत केलं. सुपारी, अंगठी काढून सुनेच्या हातात दिली. ताट पुसलं, पिशवीत घातलं. मुलगी विचारत होती, "मम्मा, केक कापू का?" मग मीच म्हणाले, "काप बाळा." पुढचं सगळं मी ठरल्याप्रमाणे केलं. खेळ, जेवण, रिटर्न गिफ्ट. कामात खोट ठेवली नाही.

घरी जाताना आजींवरचा राग कमीच होता. त्या शनिवार पेठेतून येताना आपला प्रश्न बरोबर घेऊन आल्या होत्या, एवढंच. राग मला स्वतःचाच येत होता. जे मी मानत नाही, ते करणाऱ्यांच्या रांगेत जागा मिळावी म्हणून माझा जीव एवढा का तुटत होता? आणि माझ्या व्हिजिटिंग कार्डावर नुसतं 'ताई' का होतं? धंद्यासाठी, असं मी सगळ्यांना सांगायचे. स्वतःलाही.

ते ताट आता आमच्या घरी भाकरीच्या पिठाला आहे. कामावर नेत नाही. नवीन कार्डं छापली. आडनाव सगळ्यात वर, ठळक. फोन आला की आधी पूर्ण नाव सांगते, मग तारीख विचारते. काही जण "कळवतो" म्हणतात आणि कळवत नाहीत.

ज्यांना चार पुरतात, त्यांच्याकडे मी पाचवी म्हणून उभी राहणार नाही.