चार मिनिटं उशिरा येणारे उपग्रह

लिंबायतच्या एका कारखान्यात उखा बारा माग सांभाळतो. दोन हजार धाग्यांत एक तुटला तरी त्याला लांबून दिसतो. घरात मात्र पुढ्यातली मिठाची बरणी दिसत नाही, असं त्याची बायको मंदा सांगते.

याच नजरेच्या जोरावर दोन वर्षांपूर्वी उखानं आभाळाला हात घातला. काही उपग्रह बंद पडून हरवतात, काहींचा पत्ता त्यांचे मालकच सांगत नाहीत. असले उपग्रह हुडकणारी हौशी मंडळी जगभर आहेत. दिवेलागणीला गच्चीवर उभं राहायचं, कुठला ठिपका कुठल्या ताऱ्याजवळून किती वाजता गेला ते टिपायचं आणि मोबाईलवरच्या गटात टाकायचं. उखा त्या गटात शिरला. रविवारच्या बाजारातून दुर्बीण आली, तिला तिपाई आली आणि मंदाची कपड्यांची दोरी गच्चीवरून हद्दपार झाली.

रोज सकाळी उखा माहितीतल्या उपग्रहांच्या वेळा मोबाईलवरून वहीत उतरवून घ्यायचा. संध्याकाळी मोबाईलचा उजेड डोळ्याला नको म्हणून मनगटी घड्याळच बघायचा. त्यात प्रत्येक उपग्रह चार मिनिटं उशिरा उगवायचा.

"सरकारी माल," तो मंदाला म्हणायचा. "वेळेवर कशाला येईल?"

फेब्रुवारीत त्याला कुठल्याच यादीत नसलेला एक मंद ठिपका दिसला. त्यानं वेळ लिहून पाठवली. पाच दिवसांनी गटप्रमुखाचं उत्तर आलं: तुमच्या वेळेवरून हिशेब मांडून तिघांनी पाहिलं, आभाळ रिकामं. पुन्हा एकदा नीट टिपा, नाहीतर नोंद काढून टाकतो.

दोन वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी गवसलं होतं, आणि तेही खोटं ठरत होतं. उखाला भाकरी गोड लागेना.

गुरुवारी तो ठिपका सात चौतीसला रोहिणीजवळून जाणार, असं त्यानं स्वतःच काढलं आणि गच्चीवर ठाण मांडलं. मंदा वर आली. "जेवाले चला."

"थांब जरा."

ठिपका आला. उखाच्या घड्याळात बरोबर सात चौतीस. तेवढ्यात खालच्या इंदुबाईंच्या टीव्हीवर मालिकेचं गाणं सुरू झालं.

"घड्याळ दाखवा बरं," मंदा म्हणाली. "मालिका साडेसातला लागते."

"टीव्हीवाले लवकर लावत असतील."

"हो तर. उपग्रह उशिरा, टीव्ही लवकर, तुमचंच काय ते बरोबर." तिनं आपला मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला. साडेसात.

उखा तिपाईला टेकला. दर सोमवारी तो आपलं घड्याळ कारखान्याच्या भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून घेत होता. जिन्यातच बसून त्यानं पहिल्या आणि आजच्या, दोन्ही वेळांतून चार-चार मिनिटं वजा केली आणि नोंद पुन्हा पाठवली.

दुसऱ्या दिवशी त्यानं शेठला सांगितलं, "शेठ, आपलं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे."

"मने खबर छे, माहीत आहे मला," शेठ म्हणाला. "मीच लावलंय. नाहीतर तुम्ही लोक वेळेवर येता का?"

रविवारी उत्तर आलं. दोघांना ठिपका दिसला होता. यादीत नाव चढलं: उखा, लिंबायत. मंदाचंही नाव घालायला सांगू का, असं त्यानं विचारलं.

"नाव नको," मंदा म्हणाली. "दोरीची जागा द्या."

आता तिपाई कोपऱ्यात आहे. ठिपका कधीकधी मंदाच्या ओल्या साडीमागून जातो, पण वेळेवर जातो.