उलट्या गाड्यांचा लुक्षा

स्प्लिटहून आंकोनाला रात्रभर जाणारं आमचं जहाज जुनं, आणि त्याला तोंड एकच. त्यामुळे संध्याकाळी सगळ्या गाड्या उलट्या आत घ्याव्या लागतात, म्हणजे सकाळी इटलीत त्या सुलट्या बाहेर पडतात. एरवी जगाला अक्कल शिकवणारे स्प्लिटचे पुरुष जहाजात शिरायच्या उतारावर गाडी मागे घेताना घामाघूम होतात. तिथे उभा राहून "डावीकडे, अजून, बास" करणारा माणूस म्हणजे लुक्षा. खलाशी त्याला बार्बा म्हणतात. समुद्रावरच्या वडीलधाऱ्याला आम्ही तसंच म्हणतो. मी वर कॉफीचा काउंटर सांभाळते, त्याच्याच वयाची आहे, म्हणून नुसतं लुक्षा म्हणते.

लुक्षा ब्राच बेटावरचा. ब्राचची माणसं चिकट अशी स्प्लिटमध्ये ख्याती आहे. खरंखोटं देव जाणे, पण लुक्षाचा चिकटपणा बोलण्यात होता. गाड्यांशी बोलून झालं की त्याचे शब्द संपायचे. मी घरच्यांची चौकशी करावी, हवेचं विचारावं, गुडघ्याचं विचारावं, आणि त्याने सगळ्याला मिळून एक हुंकार द्यावा. त्याचं लग्नही असंच राहून गेलं असणार. मुलीला विचारायला तोंड उघडावं लागतं ना!

अशा माणसाच्या नशिबात शोरा पेरिना आली. शोरा म्हणजे आमच्याकडे बाई. नवरा वारलेला, लेक आंकोनात दिलेली, आणि एक छोटी लाल गाडी. पहिल्या दिवशी पाऊस पडून गेला होता. तिची गाडी उतारावर आडवी अडकली, मागे भोंगे सुरू झाले. "बाई, ख्रिसमसच्या आत होईल ना?" कुणीतरी ओरडलं. लुक्षा गेला, हात पुढे केला, किल्ली घेतली आणि गाडी आत लावून दिली. किल्ली परत देताना म्हणाला, "हँडब्रेक घट्ट ओढलाय."

झालं. पुढे दर महिन्याला ती येणार, किल्ली देणार, हा गाडी लावणार आणि तेच एक वाक्य बोलणार. ती सुक्या अंजिरांची वडी आणायची, हा मान हलवायचा. त्या दिवशी मात्र त्याच्या शर्टाला इस्त्री असायची.

"आज सेंट मारलंयस, लुक्षा? ट्रकवाल्यांसाठी का?" मी विचारायची.

"डिझेलचा वास जात नाही," तो म्हणायचा आणि कानापर्यंत लाल व्हायचा.

गेल्या शरदात तो निवृत्त झाला. शेवटच्या फेरीला नेमकी पेरिनाही होती. तिचा पत्ता त्याच्याकडे नाही, फोन नाही. जहाजावरची नोकरी सुटली की तीही सुटणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

"आज बोलला नाहीस तर ब्राचला जाऊन ऑलिव्हच्या झाडांशी बोलत बस," मी त्याला झापलं.

"काय बोलू?"

"नाव विचार!"

"नाव ठाऊक आहे."

"मग पुढचं विचार, दगडा!"

कप्तानाने त्याला त्या दिवशी कामाला हात लावू दिला नाही. गाड्या नव्या माणसाने, तोंचीने घ्यायच्या होत्या. लुक्षा नवा शर्ट घालून भिंतीशी उभा. लाल गाडी आली. तोंचीने हात पुढे केला, "शोरा, किल्ली."

"हो बाजूला," पेरिना म्हणाली. तिने आरशात पाहिलं आणि पावाचा ट्रक नि भिंत यांच्यामधून गाडी एका झटक्यात मागे नेऊन लावली. दोन्ही बाजूंना वीतभर जागा. तोंचीने शिट्टी मारली. लुक्षाचा चेहरा मात्र पडला. त्याला वाटलं असणार, आपली गरज कधी नव्हतीच. तो वर येऊन माझ्यासमोर तोंड पाडून बसला.

बंदर मागे पडल्यावर पेरिना आली आणि त्याच्याच टेबलाशी बसली.

"गाडी येते की तुम्हाला," लुक्षा म्हणाला.

"भाजीची गाडी चालवली मी, जुन्या गल्ल्यांतून. पहिल्या दिवशी ओल्या उतारावर खरंच घाबरले. दुसऱ्या वेळी तुम्हीच हात पुढे केलात. मग म्हटलं, बघू हे गृहस्थ कधी बोलतात."

लुक्षा कपात बघत राहिला. शेवटी कसाबसा म्हणाला, "लेकीला माझा नमस्कार सांगा."

मी कपाळावर हात मारला.

"तुम्हीच घरी येऊन सांगा," पेरिना म्हणाली. "ती केव्हाच स्प्लिटला परत आलीय, पोराबाळांसकट."

"मग तुम्ही दर महिन्याला आंकोनाला..."

"धक्क्यावर एक कॉफी पिते आणि संध्याकाळी ह्याच जहाजाने परत येते. तिकडची कॉफी जरा बरी असते."

माझ्या कॉफीला असं बोलल्यावर मी एरवी कुणाची गय केली नसती. पण खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी होतं.

लुक्षाने कप बाजूला सारला. मग मी त्याच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यात लांब भाषण त्याने केलं. "आंकोनाच्या बंदराच्या फाटकाबाहेर मी कधी पाऊल टाकलेलं नाही. मला नेहमी गाड्याच भरायच्या असायच्या. उद्या मला काही काम नाही."

ब्राचच्या माणसाकडून ही मागणीच समजायची. पेरिनालाही ती तशीच समजली.

सकाळी जहाजाचं तोंड उघडलं. लाल गाडीत तिच्या शेजारी लुक्षा बसला होता, गुडघे हनुवटीला लावून. मी उतारापाशी गेले होते. गाडी हलली आणि खिडकीतून त्याचा आवाज आला, "डावीकडे घ्या, सावकाश, पुढे खांब आहे, तो इटालियन मध्येच घुसेल, जरा थांबा, आता..."

"गप्प बस, लुक्षा," पेरिना म्हणाली आणि गाडी फाटकाबाहेर काढली.