पांढऱ्या पडद्यांचा मेणा

नोकरी सुटून पुष्कळ वर्षे झाली, पण मुलींच्या शाळेच्या समारंभाचा तो दिवस माझ्या मनातून गेलेला नाही. धार आणि देवास, दोन्हीकडे मी कोतवालीत काम केले. ही गोष्ट त्यांतली कुठली ते लिहीत नाही, आणि नाव कुणाचेच लिहीत नाही. ती घरे अजून नांदती आहेत.

माझे काम बायकांची झडती घेण्याचे. यजमान पोलिसांत जमादार होते. ते गेले तेव्हा माझी चौथी झालेली होती, लिहिता-वाचता येत होते, म्हणून फौजदारसाहेबांनी मला कामावर घेतले. चोरीच्या संशयावरून बाई आणली की मी झडती घ्यायची, जे सापडेल ते कारकुनाला सांगायचे आणि पंचनाम्यावर सही करायची. जिच्याजवळ काही नसते ती रडते किंवा शिव्या देते. जिच्याजवळ असते ती आपणहून अंबाडा सोडून दाखवते, म्हणजे कमरेकडे लक्ष जाऊ नये.

समारंभाच्या चार दिवस आधी गावातली कासारीण कोतवालीत आली. घरोघर बांगड्या भरताना तिच्या कानावर सगळे येत असे. ती म्हणाली, "जमादारीणबाई, तो बडतर्फ कमाविसदार एका घरी बोलत होता. भर सभेत दिवाणाला आडवा पाडतो म्हणाला. घर विचारू नका. मला त्या उंबऱ्यावर रोज बसायचं असतं."

हा कमाविसदार एका परगण्याचा वसूल पाहणारा अधिकारी. रयतेला छळतो म्हणून नव्या दिवाणसाहेबांनी त्याला काढले होते. मी फौजदारसाहेबांना सांगितले तेव्हा ते हसले. "बडतर्फ झालेला प्रत्येकजण असंच बोलतो. उद्या मला काढलं तर मीही बोलेन." पण माणूस कामाला चोख होता. कमाविसदाराचा शोध केला, तो परगावी गेल्याचे कळले. तरीही पुरुषांच्या दरवाजावर सहा शिपाई लावले, काठ्या बाहेर ठेवायला लावल्या, पागोटीसुद्धा चाचपली.

बायकांच्या दरवाजावर एक म्हातारा पहारेकरी आणि मी. मानकऱ्यांच्या बायका मेण्यातून येत. मेणा समोर आला की पहारेकऱ्याने भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, हा जुना रिवाज. मेणा आत उतरला की बाई खाली उतरणार, तिथे मी पाहणार, असे ठरले होते. पण सकाळीच दिवाणसाहेबांच्या घरून निरोप आला. दारात हळदीकुंकवाचे तबक घेऊन सुवासिनी उभ्या राहणार आहेत, शुभ कार्य आहे, तरी झडतीवाल्या बाईंनी मागच्या अंगणात बसावे. मला त्यात वावगे वाटले नाही. अशा वेळी मी आपणहूनच मागे होत असे.

मागच्या अंगणात विधवा बायकांचे मेणे उतरत. त्या दिवशी एकच आला, पांढऱ्या पडद्यांचा. मेणा कुणाच्या घरचा ते मी ओळखले. त्या घरची धाकटी सून दोन महिन्यांपूर्वी विधवा झाली होती. भोई मेणा ठेवून निघून गेले. पडदा हलला नाही. मला माझे दिवस आठवले. यजमान गेल्यावर पहिल्यांदा चारचौघांत जायची वेळ आली तेव्हा मी अर्धा तास दाराआड उभी होते. मी जवळ जाऊन हळूच म्हटले, "घाई नाही, बाईसाहेब. मन होईल तेव्हा उतरा. इथे कुणी पाहत नाही." मेण्याशेजारी पाण्याचा तांब्या ठेवला आणि तिला संकोच नको म्हणून पाठ फिरवून बसले.

थोड्या वेळाने पांढरी शाल डोक्यावरून ओढलेले कुणीतरी माझ्या बाजूने, व्यासपीठासमोर बायकांच्या आडोशाला सोडलेल्या बांबूच्या चिकांकडे गेले. बसलेल्या बायकांनी अंग चोरून वाट दिली. मग किंकाळ्या ऐकू आल्या. कमाविसदार चिक फाडून व्यासपीठावर गेला होता. दिवाणसाहेबांनी हात आडवा धरला, कट्यार दंडात गेली, दुसरा वार व्हायच्या आत शिपायांनी त्याला पाडले. दिवाणसाहेब वाचले. त्या गोंधळात भोयांनी मेणा उचलून नेला.

चौकशीत कमाविसदार एकच सांगे, "पहारेकऱ्यानं सोडलं. आमचं ठरलं होतं." पहारेकऱ्याला कोठडीत घातले. मार खाऊनही तो म्हणे, "साब, म्हूं तो भींत आड़ी मूंडो करके ऊबो थो. म्हने कई नी देख्यो." रिवाज सगळ्यांना ठाऊक होता, पण ऐकायला कुणी तयार नव्हते. फितुरीच्या गुन्ह्याला दहा वर्षांची सक्तमजुरी, आणि त्याचे वय साठीच्या घरात. त्यात तो मेलाच असता.

मी जबानीत लिहून दिले होते की मी मागच्या अंगणात होते, कुणी पुरुष आत येताना पाहिला नाही. शब्दाने ते खरे होते. मेण्याचे मी बोलले नाही. बोलले असते तर एका मोठ्या घराचे नाव निघाले असते, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो आला, मीच त्याला पाणी ठेवले, हेही निघाले असते. नोकरी गेल्यावर मला दुसरे दार नव्हते.

तिसऱ्या दिवशी पहारेकऱ्याची बायको भाकरी घेऊन आली. कोठडीत जाणारे अन्न तपासायचे काम माझेच. मी भाकरी मोडून पाहू लागले. ती म्हणाली, "बई, थोड़ी कम तोड़ो. उनका दांत टूटी ग्या, चूरो बी नी खवाय." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तम तो वईंज थी नी? तमने कई देख्यो?"

मी भाकरी तशीच फडक्यात बांधून दिली आणि फौजदारसाहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, म्हाताऱ्यानं त्याला सोडलं नाही. तो मेण्यातून आला."

"कुणाच्या?"

मी घर सांगितले. साहेब खुर्चीतून उठले आणि दार लावून घेतले. "बाई, काय बोलताय कळतंय का? खोटं निघालं तर तुमच्याबरोबर मीही घरी बसेन."

"पाणी मीच ठेवलं होतं त्याला."

ते पुन्हा खुर्चीत बसले. मग म्हणाले, "आणि हे तुम्ही तीन दिवस पोटात ठेवलंत?"

"हो."

त्यांनी त्या घरचे चार भोई वेगवेगळे बसवले. चौघांनीही पढवल्यासारखे सांगितले, धाकट्या बाईसाहेबांना नेले आणि परत आणले. साहेबांनी दरडावले नाही. चौथ्या भोयाला विडी दिली, गुडघेदुखीची चौकशी केली आणि सहज विचारले, "जाताना चढ फार लागला असेल ना?"

"अरे साब, खांदो टूटी ग्यो!"

"आणि येताना?"

"आवती बखत कई नी, साव हलको, फूल जसो." एवढे बोलला आणि त्याचा चेहरा उतरला.

"भिया," साहेब म्हणाले, "बाईसाहेबांना परत आणलंस, मग मेणा हलका कसा?"

संध्याकाळच्या आत चौघेही कबूल झाले. सून त्या दिवशी घराबाहेरच पडली नव्हती. कमाविसदार त्या घराचा भाचा.

दिवाणसाहेबांनी मला बोलावले. हात गळ्यात बांधलेला होता. आतल्या पडद्याआड त्यांच्या बाईसाहेब बसल्या होत्या, बांगड्या वाजल्या म्हणून कळले. दिवाणसाहेबांनी विचारले, "तुमची नेमणूक दारात होती. मागे कुणी बसवलं?"

मी खाली मान घालून म्हटले, "आपल्याच घरून निरोप आला होता."

पडद्याआड काही हलले नाही. दिवाणसाहेब म्हणाले, "आणि तुम्ही गेलात."

"मलाही तेच बरोबर वाटलं, सरकार."

माझी नोकरी राहिली. म्हातारा सुटला. नवा हुकूम निघाला की मेणा आला की पहारेकऱ्याने त्याच्याकडे पाहून उभे राहावे, आणि प्रत्येक मेण्याचा पडदा झडतीवालीने सारून पाहावा, मग तो कुणाच्याही घरचा असो. म्हातारा आठ दिवसांत पट्टा परत करायला आला. मला म्हणाला, "बई, तमने म्हने बचायो. पण बहू-बेट्यां का मेणा आड़ी देखणो म्हारा से नी वे." आणि गेला.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. बंदोबस्त ढिला पडतो तो आळसाने कमी आणि अदबीने जास्त. ज्याची भीती वाटते त्याला आपण तपासतो. ज्याचा मान राखायचा त्याच्याकडे पाठ करतो, आणि ज्याची कीव येते त्याच्याकडेही. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनीच चांगुलपणाने पाठ केली होती.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी मेण्यांचे पडदे सारले. आत पुरुष पुन्हा कधी सापडला नाही. सापडल्या त्या बायकाच, काही रागावलेल्या, काही रडून डोळे सुजलेल्या, तोंड लपवायला हात वर नेणाऱ्या. त्यांचे हात मी खाली घ्यायला लावत असे आणि कमरेपर्यंत चाचपून मगच पडदा सोडत असे.