खाजापूरच्या बारवेचं साल

वहाबभाईंचा पहिला अर्ज मीच परत पाठवला होता, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं.

मी शैला. मध्ययुगीन इतिहासाच्या अभ्यासकांचं आमच्या शहरात एक मंडळ आहे, त्याच्या कार्यालयात मी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. मंडळ वर्षाला तीन संशोधन अनुदानं देतं, एक ग्रंथ पुरस्कार देतं आणि एक अधिवेशन भरवतं. अनुदान कुणाला, पुरस्कार कुणाला आणि अधिवेशनात पहिल्या रांगेत कोण, यावरून जेवढं रण माजतं तेवढं बहामनी आणि विजयनगरातही माजलं नसेल. आमच्या घराण्यात पूर्वी मोडी लिहिणारे कारकून होते. माझ्यापर्यंत येईतो मोडी गेली आणि नुसती कारकुनी उरली.

आमचं जुनं कार्यालय क्रांती चौकाजवळ एका जिन्यावर होतं, आणि जिन्याखाली वहाबभाईंची घड्याळ दुरुस्तीची टपरी. आधी त्यांचं दुकान होतं. रस्ता रुंद झाला तेव्हा ते गेलं आणि वहाबभाई जिन्याखाली आले. त्यांचे वडील निजामाच्या काळात तहसिलीत मुन्शी होते. त्यांनी मुलाला फारसी शिकवली, तीही शिकस्ता, म्हणजे घाईघाईनं मोडून लिहिलेली, जी समोर आली की भलेभले प्राध्यापक चष्मा पुसत बसतात. वहाबभाई घड्याळाचं भिंग डोळ्याला लावायचे आणि पेपर वाचावा तसा तो कागद वाचायचे. मग काय, शहरातले, बाहेरगावचे, पीएच.डी. झालेले, होणारे, सगळे जिन्याखाली उभे. कागद वाचून घ्यायचे, वहाबभाईंचाच चहा प्यायचे आणि वर येऊन आमच्याकडे अनुदानाचा अर्ज भरायचे. इतक्या वर्षांत एकाही प्रबंधात मी त्यांचं नाव पाहिलं नाही. कुणी कुणी 'एक स्थानिक जाणकार' असं लिहायचे. ते त्यातल्या त्यात मोठ्या मनाचे.

१९९४ साली तात्यासाहेबांनी एक कागद आणला. तात्यासाहेब म्हणजे आमच्या मंडळाचे तेव्हाचे सचिव आणि पुढचे अध्यक्ष. लासूर स्टेशनच्या एका घरातल्या पेटीतून निघालेला तो कागद खाजापूरच्या बारवेबद्दल होता. खाजापूर म्हणजे वहाबभाईंचंच गाव, तेव्हा शहराच्या बरंच बाहेर. बारव बांधून पुरी झाल्याचं साल कागदावर अरबी शब्दांत लिहिलं होतं: इसन्ने अशरीन अलफ, म्हणजे एक हजार बावीस. त्याच्या आधीचा शब्द कसरीनं खाल्ला होता. कागद फारसी, म्हणून वहाबभाईंनी साल हिजरी धरलं आणि चिठ्ठीवर लिहून दिलं, हिजरी १०२२, इसवी सन १६१३.

तात्यासाहेबांनी त्या एका सालावर अख्खं पुस्तक उभं केलं. पुस्तकाला मंडळाचा पुरस्कार मिळाला. पुरस्कार समितीत ते स्वतःच होते, पण निर्णयाच्या वेळी ते बाहेर जाऊन बसले होते, असं इतिवृत्तात मीच लिहिलं आहे. मग बाहेरचेही दोन पुरस्कार आले. सालाच्या तळटीपेत दोनच शब्द होते, 'खासगी संग्रह'. वहाबभाईंनी पुस्तक विकत घेतलं, तळटीप वाचली आणि पुस्तक टपरीच्या फळीवर ठेवून दिलं. मला राग आला होता. त्यांना आला की नाही, मला कधी कळलं नाही.

मग २०१३ उजाडलं. त्याआधीचा पाऊसच झाला नव्हता. शहरात नळाला पाचव्या-सहाव्या दिवशी पाणी यायचं, आणि आलं तर आलं. खाजापूर तोवर बीड बायपास ओलांडून आलेल्या शहरानं गिळलं होतं. मक्याच्या रानात पाच-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या होत्या, प्रत्येकीनं आपापला बोअर मारला होता आणि बोअरांनी बारवेचं पाणी खालच्या खाली ओढून नेलं होतं. मे महिन्यात बारव तळाला गेली. गावातल्या म्हाताऱ्यांनीही कधी पाहिल्या नव्हत्या अशा सात पायऱ्या उघड्या पडल्या. शेवटच्या पायरीजवळ एक देवळी होती आणि देवळीत लेख कोरलेला होता. वहाबभाई चिखलात बसले आणि त्यांनी भिंग लावलं. तेच साल होतं, तेच शब्द होते. फक्त त्याआधीचा शब्द दगडावर शाबूत होता: शुहूर.

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, मलाही वहाबभाईंनीच सांगितलं. हिजरी साल चंद्रावर चालतं. शेतसाऱ्याला ते गैरसोयीचं, म्हणून दख्खनच्या सुलतानांकडे शुहूर सन नावाचं दुसरं साल चाले, ते मृग लागला की बदलायचं. दोन्हींचे आकडे सारखे दिसतात, पण इसवी सन वेगळा निघतो. म्हणजे बारव १६१३ ची नव्हती, १६२१ ची होती. आठ वर्षांची चूक, आणि ती वहाबभाईंची होती.

दुसरा कुणी असता तर मूग गिळून बसला असता. आमचे निम्मे सभासद नक्की बसले असते. वहाबभाई दुसऱ्या दिवशी टपरी न उघडता वर आले आणि माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"शैलाबाई," ते म्हणाले, "घड्याळ पाच मिंटं मागं पडलं तरी गिऱ्हाईक भांडाया येतंय. इथं मी आठ वर्सं मागं लावून दिलंय, आन् वीस वर्सांत कुनीच आलं नाय."

ते तात्यासाहेबांना भेटले. तात्यासाहेब वाईट माणूस नाहीत, उलट फार गोड बोलतात, आणि तोच त्रास आहे. त्यांनी सांगितलं की तिसरी आवृत्ती छपाईला गेली आहे, तेव्हा आता काही करता येणार नाही. वहाबभाईंनी आपलं म्हणणं रीतसर मांडावं, मंडळाकडे अनुदान मागावं, अधिवेशनात निबंध वाचावा. इतिहास तोंडी चालत नाही, असंही म्हणाले. त्यांचा स्वतःचा इतिहास जिन्याखालच्या एका चिठ्ठीवर वीस वर्षं चालला होता, हे मी बोलले नाही.

वहाबभाईंनी अर्ज भरला. वय पंचेचाळीसच्या आत हवं, यांचं त्रेसष्ट. शिक्षण पीएच.डी., यांचं दहावी. संस्थेच्या रकान्यात त्यांनी 'घड्याळ दुरुस्ती' लिहिलं. संस्थाप्रमुखाची सही आणि शिक्का हवा होता, तर सही त्यांनी स्वतःची केली आणि शिक्का टपरीचा मारला, ज्यावर 'पक्की गॅरंटी' असं लिहिलेलं होतं. मी हसले, आणि मग नियमाप्रमाणे त्यावर 'अपूर्ण' असा शेरा मारून अर्ज परत पाठवला. जिना उतरून हातात दिला असता तरी चाललं असतं, पण मी पोस्टानं पाठवला. नियम तसाच होता.

पुढच्या वर्षी त्यांनी अधिवेशनासाठी निबंध दिला. निबंधासोबत कागदाची गुंडाळी होती. तो त्या लेखाचा ठसा होता. पाऊस लागून देवळी पुन्हा बुडायच्या आत त्यांनी दगडावर ओला कागद चिकटवून, ब्रशनं ठोकून, वरून काजळी फिरवून तो घेतला होता, चार फूट लांब, एकच प्रत. मोबाइलवर फोटोही काढला होता, पण त्यात काळा दगड आणि त्यांचाच अंगठा एवढंच दिसत होतं. आमच्या सूचनापत्रात लिहिलेलं होतं की जोडपत्रं ए-फोर आकारात असावीत. गुंडाळी फाइलीत बसेना, म्हणून मी ती कपाटावर ठेवली.

निबंध तपासनिसांकडे गेला आणि महिन्यानं परत आला. शेरा असा होता: 'सदर बारवेचा काळ मान्यवर ग्रंथात यापूर्वीच निश्चित झालेला आहे. लेखकाने तो ग्रंथ वाचावा.' मी तो शेरा वहाबभाईंना वाचून दाखवला. ते बराच वेळ एका बंद घड्याळाला चावी देत बसले. त्या मान्यवर ग्रंथातलं ते साल त्यांनीच सांगितलेलं होतं. आता त्यांचंच जुनं वाचन त्यांना खोटं पाडत होतं.

त्याच्या पुढच्या वर्षी कार्यालय सिडकोकडच्या नव्या इमारतीत गेलं. लिफ्ट आली, फिरत्या खुर्च्या आल्या. सामान हलवताना कपाटावरचं सगळं रद्दीत गेलं. मी तिथंच उभी होते. महिन्याभरानं वहाबभाई ठसा परत मागायला आले तेव्हा मला आठवलं. ते मला एक शब्दही वाकडा बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये अधिवेशन आमच्याच शहरात भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या अभ्यासकांना खाजापूरची बारव दाखवायची आणि तिथं मंडळानं साल कोरून घेतलेल्या नव्या दगडाचं अनावरण करायचं, असं ठरलं. वहाबभाई खूश झाले. त्या वर्षीचा दुष्काळ तर आधीच्यापेक्षा भारी होता, लातूरला रेल्वेनं पाणी चाललं होतं. म्हणजे बारव तळाला जाणार, देवळी उघडी पडणार आणि शंभर अभ्यासक स्वतःच्या डोळ्यांनी लेख बघणार. ठसा नको, अर्ज नको, शिक्का नको.

पण दुष्काळात आपल्याकडे काय करतात ते वहाबभाई विसरले. टँकर येतो तो विहिरीत रिकामा करतात आणि लोक तिथून शेंदतात. खाजापूरला रोज एक टँकर बारवेत ओतला जायचा. बाहेर सगळं करपलेलं आणि बारवेत पाणी, नेमकं देवळीच्या वर दोन पायऱ्या.

पुढचं मला त्यांच्या बायकोनं, कमरुन्निसाभाभींनी सांगितलं. वहाबभाई पारूबाईंकडे गेले. पारूबाई बारवेवरचे नंबर सांभाळायच्या, त्यांच्या शब्दाबाहेर एक घागर उचलली जात नसे. वहाबभाईंनी त्यांना सगळं समजावून सांगितलं, हिजरीसकट. पारूबाईंना त्यातलं किती कळलं कोण जाणे.

"आमी काडू दोन दिस," त्या म्हणाल्या. "तुमचं साल एकदाचं निगू द्या."

आणि खरंच गावानं दोन दिवसांचा टँकर नको म्हणून कळवलं. आमच्या मंडळात एवढी माणसं एका गोष्टीवर कधी एकमतानं उभी राहिली नाहीत. पहिल्या दिवशी एक पायरी उघडी पडली. दुसऱ्या दिवशी दुपारी देवळीची वरची कड दिसायला लागली, आणखी हातभर पाणी उतरलं असतं तर लेख समोर होता. पण उरलेल्या पाण्यात निम्मा गाळ होता आणि घागरीत तोच यायला लागला. वहाबभाई काठावर बसून होते. पारूबाईंची सून बाळंतीण होऊन आठच दिवस झाले होते. तिच्यासाठी पारूबाई उन्हात शेजारच्या इमारतीत पाणी मागायला गेल्या आणि रिकामी घागर घेऊन परत आल्या. वहाबभाईंकडे बघून हसल्या आणि घरात गेल्या. वहाबभाईंनी खिशातून मोबाइल काढला आणि टँकरवाल्याला फोन केला. पाच वाजता टँकर आला. ओतून होईपर्यंत ते तिथंच उभे होते, असं भाभी म्हणाल्या.

सकाळी आमच्या दोन बस गेल्या. मांडव होता, चहा होता, बाटलीबंद पाणी होतं. तात्यासाहेबांनी दगडावरचा पडदा ओढला आणि टाळ्या झाल्या. काळ्या दगडावर पांढऱ्या अक्षरांत इसवी सन १६१३. टाळ्या थांबल्यावर वहाबभाई मागून पुढं आले.

"साहेब, हे साल चुकलंय. बारव सोळाशे एकवीसची हाय. आन् चूक माजी हाय, तुमची नाय."

तात्यासाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पुरावा कुठं आहे, वहाबभाई?"

"पान्याखाली," वहाबभाई म्हणाले.

लोक हसले. वाईट हेतूनं कुणी हसलं नसेल, सकाळची वेळ होती, सगळे मजेत होते. मी शाल-श्रीफळाचं तबक धरून चार हातांवर उभी होते. पुरावा होता, तो माझ्या हातात होता आणि मीच तो रद्दीत जाऊ दिला, एवढंच मला म्हणायचं होतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मी तबक धरून उभी राहिले. मग तात्यासाहेबांनी त्याच तबकातली एक शाल वहाबभाईंना घातली आणि फोटो काढले गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, त्याखाली छापलं होतं, 'स्थानिक जाणकाराचा सत्कार'.

जूनमध्ये नव्या अनुदानाचे अर्ज यायला लागले. एका दुपारी वहाबभाई लिफ्टनं वर आले, त्यांनी अर्ज माझ्या टेबलावर ठेवला, पाणी प्याले आणि गेले. वय सहासष्ट लिहिलं होतं, शिक्षण दहावी, संस्था घड्याळ दुरुस्ती. अर्ज परत जाणार हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. शेवटचा रकाना 'अर्जदाराचे प्रकाशित कार्य' असा होता. आधीच्या अर्जात तो त्यांनी कोरा सोडला होता. या वेळी तो भरलेला होता, घड्याळजीच्या बारीक, नेटक्या अक्षरात:

'एक दगड. खाजापूरच्या बारवेवर. वाचन माझे. साल चुकीचे.'

खाली सही होती आणि टपरीचा तोच शिक्का, पक्की गॅरंटी.