ग्रंथालयाचा व्हरांडा

व्हरांड्याचा कठडा तोडायला माणसं आली होती आणि थावराबाबा तिथून उठत नव्हते. मिस्त्री माझ्या तोंडाकडे बघत उभा.

हिंगोली तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. तिथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयाचं नूतनीकरण माझ्याकडे होतं. मी आर्किटेक्ट. मागचा व्हरांडा बंद करून तिथे स्टॅक रूम, म्हणजे पुस्तकांच्या रॅकची खोली करायची, असं प्राचार्यांनी ठरवलं होतं.

बाबा तांड्यावरून नातीला, सविताला, एसटीने घेऊन यायचे. ती आत खिडकीपाशी बीएचा अभ्यास करायची. बाबा बाहेर व्हरांड्यात बसायचे.

"बाबा, आत बसा ना, पंख्याखाली," मी म्हटलं.

"मला खोकला हाय. लेकरायला काहून तकलीफ?"

"मग गेटवर बसा."

"तिथून पोरगी दिसत न्हाई, बाई. तांड्यात ठरलंय. घरचं माणूस नजरंसमोर असलं, तरच पोरीनं शहरात जायचं. मला बसाया जागा नसली, तर तिचं येणं बंद."

आवाजात तक्रार नव्हती. आत सविता पुस्तक उघडं ठेवून आमच्याकडेच बघत होती. तिचं शेवटचं वर्ष.

मी काम थांबवलं. प्राचार्य भडकले.

"एका म्हाताऱ्यासाठी प्लॅन बदलायचा?"

"एका विद्यार्थिनीसाठी, सर."

"आणि माझे रॅक काय डोक्यावर ठेवू?"

"डोक्यावरच ठेवा."

मी चेष्टा करत नव्हते. आतल्या रीडिंग रूमचं छत चांगलं उंच होतं, पोटमाळा सहज बसत होता. फक्त पुस्तकं भयंकर जड असतात. जुन्या भिंतींवर तेवढा लोड टाकता येत नाही. म्हणून जमिनीपासून वेगळे लोखंडी कॉलम उभे केले आणि रोज न लागणारी पुस्तकं वर नेली. प्राचार्य काम संपेपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलले.

व्हरांड्यात मी पाठ टेकता येईल असा ओटा बांधून घेतला.

नंतर एकदा बघायला गेले. सविता खिडकीपाशी होती. शेजारी तांड्यातल्या आणखी तीन पोरी.

"एवढ्या कशा, बाबा?"

"लोकं म्हणले, तुमी बसताच तिथं, तर आमच्याबी लेकी घिऊन जा." त्यांनी सरकून मला ओट्यावर जागा दिली. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात प्राचार्य आलेच. "मॅडम, आता खुर्च्या कमी पडून राहिल्या."

रीडिंग रूममध्ये किती जण मावतील, हे मी खुर्च्या मोजून ठरवत असे. आता आधी विचारते, बाहेर कोण बसणार आहे.