स्वयंपाकाची पाळी

"अंगण झाडायला ही राहील. हिला सवय असेल."

भाऊ म्हणाले, तेव्हा माझ्याकडे पाहिलंही नाही. ते फळ्यावर कामं लिहीत होते.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी मॅट्रिक झाले होते. पिंपळगाव राजाहून मायसोबत एसटीनं आले होते. चिखलीपासून कोसभर आत मुलींचं छोटं कॉलेज. परीक्षा नाहीत, वर्ग निंबाखाली, सकाळी सगळ्यांनी श्रमाची कामं करायची. प्रवेशाआधी दोन दिवस राहायचं. मुलगी तिथं रुळेल का, हे प्रमुखांनी बघायचं. प्रमुख म्हणजे हे भाऊ. आल्या आल्या त्यांनी आडनाव विचारलं. मग गावात घर कोणत्या बाजूला, ते विचारलं. मायनं सांगितलं. आम्ही बौद्ध झालो होतो. घर होतं तिथंच होतं.

नव्या मुलीनं काम स्वतः निवडायचं, असा नियम. माझ्यासारखीच बघायला आलेली चिखलीच्या व्यापाऱ्याची मुलगी होती. तिनं स्वयंपाक मागितला. तिला मिळाला. मीही तोच मागितला होता. मला खराटा.

मी झाडलं. राग आला नाही. रडू आलं नाही. हात चालत होते. जेवताना पंगतीच्या टोकाला बसवलं. शेजारच्या मुलीत आणि माझ्यात एक माणूस मावेल एवढी जागा. भाकरी वरून पडली. खाल्ली. चव लागली नाही.

माय म्हणाली, "चाल घरी. काऊन राह्यतं इथं?"

"दोन दिवस राहाचं म्हनलं ना त्यायनं. राहू."

दुसऱ्या सकाळी फळ्यापाशी मीच आधी गेले. खडू उचलला. स्वयंपाकाखाली माझं नाव लिहिलं. चुलीपुढं बसून ज्वारीचं पीठ मळलं. चार भाकरी झाल्या. पाचवी थापत होते, तेव्हा व्यापाऱ्याची मुलगी उठून बाहेर गेली. तिच्यामागं बाकीच्या.

भाऊंनी बोलावलं. आवाज मऊ होता.

"बाळ, हे ठिकाण तुला मानवणार नाही. तू बुजशील इथं."

"मी नाई बुजली. मले काऊन घेत नाई, ते लिहून द्या."

त्यांनी टाक उचलला. पुन्हा ठेवला. "असं लिहून देत नसतात."

माय दारात उभी होती. तिला अक्षरओळख नव्हती. ती म्हणाली, "लिहा ना भाऊ. आमी थांबतो."

दुपारपर्यंत थांबलो. कोणी पाणी विचारलं नाही. त्यांनी लिहिलं नाही. शेवटी चिखलीपर्यंत चालत आलो.

पुढं मी खामगावला साध्या कॉलेजात शिकले, नोकरी केली. नाही म्हणणारे पुष्कळ भेटले. प्रत्येकापुढं कोरा कागद ठेवला. कारण लिहा, खाली सही करा, तोवर मी हलत नाही. सही न घेता परत फिरले ते त्या एकदाच.