इसहाकमामा डोळे उघडत नाहीत

इसहाकमामा उजागरे मूळचे शिरूरचे. यवतला त्यांचं पाण्याच्या मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळून द्यायचं, दुकान आहे. एका जागी बसणं त्यांना जमत नाही. चहासुद्धा उभ्यानं पितात. आमच्या चर्चच्या मंडळीत प्रार्थनेला मात्र त्यांनाच उठवतात, कारण ते पाठ केलेलं बोलत नाहीत. आणि प्रार्थना संपल्यावर सोबतच्यांनी 'आमेन' म्हटल्याशिवाय ते डोळे उघडत नाहीत.

त्यांचा मुलगा ख्रिस्तोफर पुण्यात सिनेमाचं काम शिकला. चर्चला येणं त्यानं कधीच सोडलं. घरी जेवणाआधीच्या प्रार्थनेला मान खाली घालतो, पण आमेन म्हणत नाही. मामांना ते फार खुपतं.

"पोरगं दारू पीत न्हाई, शिवी देत न्हाई," दबोरामामी नवऱ्याला म्हणायच्या. "एका शब्दापायी किती जीव खाता त्याचा?"

"त्यो एक शब्द घरचा हाय. नेमका त्योच त्यानं भाईर ठिवला."

गेल्या उन्हाळ्यात ख्रिस्तोफरनं बापावरच सिनेमा काढला. एका रविवारी, भक्ती संपल्यावर, चर्चच्या हॉलमध्ये तो दाखवला. तारा गुंडाळणारे हात, मग नुसता हायवे, मग पुन्हा हात. कासुर्डीचे पोपटराव, मामांचं जुनं गिऱ्हाईक, मुद्दाम आले होते. ते म्हणाले, "मामा, आमची मोटार बी असंच सावकाश भरता व्हय? तरीच!" सगळे हसले. मामांचं लक्ष नव्हतं. ते खुर्चीत सारखे चुळबुळत होते.

मग पडद्यावर मामा दुकानातल्या स्टुलावर बसलेले दिसले. समोर कॅमेरा घेऊन ख्रिस्तोफर एकटाच असणार. मामा प्रार्थना करत होते. "बापा, माझ्या पोराच्या हाताला यश दे. त्याचं मन तुझ्याकडं वळव. येशूच्या नावानं मागतो."

आणि शांतता. मामांचे डोळे मिटलेले. रस्त्यावरून ट्रक गेला, पंख्यानं कॅलेंडर फडफडलं. मामा तसेच. कॅमेराही हलेना. मामा कुणाच्या आमेनसाठी थांबलेत, ते हॉलमधल्या प्रत्येकाला कळलं. लोक खाकरू लागले. शेवटी पुढच्या रांगेतल्या फेथबाईंना राहवलं नाही. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "आमेन!" पाठोपाठ सगळा हॉल म्हणाला.

मामा ताडकन उठले. "तुमी कशाला म्हंता? तुमाला कोन इचारतंय?"

मागं लॅपटॉपजवळ उभ्या ख्रिस्तोफरनं सिनेमा थांबवला. "पप्पा, त्या दिवशी अगदी तोंडाशी आलं होतं. पण मनात नाही ते. खोटं म्हणू का?"

मामांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"न्हाई," ते म्हणाले. "खोटं नगं." मग एकदम चिडून, "मग एवढं लांबडं कशाला ठिवलंस? कापायचं व्हतंस!"

"तुम्ही जेवढं थांबलात, तेवढं ठेवलं."

मामा मागं गेले आणि मुलाशेजारी भिंतीला टेकून उभे राहिले. "लाव फुडं," म्हणाले.

हल्ली घरी प्रार्थना झाली की मामा थोडं थांबतात आणि आपणच डोळे उघडतात, असं मामी सांगतात. पण ख्रिस्तोफर पंक्तीला असला, की त्यांचा पहिला घास हातातच राहतो. तो काही बोलेल म्हणून ऐकत असतात.